मातीत गेलेलं चीवर

मागावरून नुकतंच उतरलेलं कोरं कापड हातात घेतलं की आधी खळीचा वास येतो. मग बोटांना त्याचा खरखरीतपणा कळतो. ते अजून धुतलेलं नसतं, रंगवलेलं नसतं, कुणाच्या मापानं बेतलेलं नसतं. एकाच ताक्यातून पुढे कुणाच्या कोटाचं अस्तर निघेल, कुणाच्या उशीचा अभ्रा, कुणा तान्ह्या बाळाचं दुपटं आणि कुणाचं कफन. यंत्रमागांच्या या भिवंडीनं आजवर किती देह झाकले असतील! जन्मल्याबरोबर ज्यात गुंडाळलं ते आणि शेवटी ज्यात गुंडाळून नेलं ते, दोन्ही कापडं इथल्याच एखाद्या मागावर विणलेली असतील, आणि त्या दोन कापडांच्या मधलं आयुष्य जगून गेलेल्या माणसाला या गावाचं नावही ठाऊक नसेल.

हे गाव आता हळूहळू मुकं होत चाललं आहे. नारपोली, शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर. या वस्त्यांतल्या गल्ल्यांतून जाताना एके काळी मागांच्या धडधडीनं पायाखालची जमीन थरथरायची, शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागायचं. उत्तरेतून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, कोकणातून आणि देशावरून पोटासाठी आलेले आपले लोक, या सगळ्यांनी मिळून तो आवाज उभा केला होता. आता कितीतरी कारखान्यांची शटर खाली आहेत. विजेचे दर, सुताचे सतत वरखाली होणारे भाव, २०१६ची नोटबंदी, पाठोपाठ आलेला जीएसटी, बाहेरून येणारं स्वस्त कापड, एकेक घाव बसत गेला. माग घणानं फोडून वजनावर भंगारात विकले गेले. बिडाचा भाव किलोवर ठरतो. त्या बिडाशी उभं राहून जी शरीरं झिजली त्यांचा भाव कुठल्याच काट्यावर ठरला नाही, आणि त्यांच्याचसाठी मी हे लिहितो आहे.

माग चालवणाऱ्याचा हात एकदा जवळून पाहावा. ताण्याच्या हजारो तारांतला एक तार तुटतो. माणूस वाकतो, सुटलेलं टोक शोधून काढतो, जवळच्या धाग्याचा एक तुकडा घेतो, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरतात आणि गाठ बसते. मग ते टोक वहीतून, म्हणजे ताणा वर-खाली करणाऱ्या चौकटीतून, आणि फणीच्या दातांमधून ओवून पुढे घेतो, आणि धोटा पुन्हा धावू लागतो. पाहणाऱ्याला काय झालं ते कळायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. दिवसातून असं किती वेळा, ते त्यानंही कधी मोजलेलं नसतं. बोटांच्या पेरांवर धाग्यानं पाडलेल्या बारीक चिरा असतात, त्यांत मशीनच्या तेलाचा काळा रंग कायमचा मुरलेला असतो. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, पापण्यांच्या केसांवर कापसाची पांढरी लव बसलेली असते, त्यामुळे पंचविशीतला पोरगाही पाळी संपताना म्हातारा दिसतो. आंघोळ केली की ही लव निघून जाते. छातीत गेलेली निघत नाही. बारा तासांची पाळी, एकट्याच्या अंगावर चार-सहा माग, पगार मीटरवर. भिवंडीत कामगारांच्या खानावळीला बिशी म्हणतात. तिथे जेवायचं आणि पाळीवर गेलेल्या माणसाच्या अंगाची ऊब अजून शिल्लक असलेल्या जागेवर अंग टाकायचं.

शरीराकडे इतक्या जवळून पाहायला बौद्ध परंपरेनं फार पूर्वी सांगितलं आहे. नव्या श्रामणेराला, म्हणजे शिकाऊ भिक्खूला, पहिल्याच दिवशी पाच गोष्टींवर ध्यान करायला देतात: केस, रोम, नखं, दात, त्वचा. पुढे ती यादी बत्तीस भागांपर्यंत जाते, त्यात रक्त आहे, पू आहे, लाळ आहे, सांध्यांमधलं वंगणही आहे. स्मशानात पडलेल्या देहाच्या अवस्था टप्प्याटप्प्यानं पाहाव्यात, फुगलेलं प्रेत ते हाडांचा चुरा, इथपर्यंत ती नजर जाते. हे वाचून अनेकांना किळस वाटते. मला त्यात एक विलक्षण माया दिसते. आपल्या माणसाच्या देहाकडे आपण असं कधी पाहतो? आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली, तिची नखं आपण कापू लागलो, म्हणजे मग पाहतो. तेव्हा कळतं की हा देह कशाकशाचा बनलेला आहे आणि त्यातलं काहीही आपल्या हातात राहणार नाही.

भिक्खूंच्या आचारनियमांच्या विनयपिटकात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला संशय आला. एवढ्या कापडाचं हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार की काय? तो आनंदाकडे गेला आणि एकेक प्रश्न विचारत राहिला. आनंदानं सांगितलं की ज्यांची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, विरली आहेत त्या भिक्खूंना ही वाटू. मग जुन्या चिवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचं? जमिनीवर अंथरायला घेऊ. अंथरणं विरली की पायपुसणी, पायपुसणी विरली की धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांच्याही चिंध्या झाल्या की? त्या कुटून चिखलात कालवू आणि विहाराची जमीन सारवू.

मला जगातल्या कुठल्याही कलाविचारापेक्षा हा संवाद मोठा वाटतो. देहावरचं वस्त्र एकेक पायरी उतरत जातं, प्रत्येक पायरीवर कुणाच्या तरी उपयोगी पडतं, आणि शेवटी घराच्याच अंगात मिसळून जातं. मुळात ते चीवरही अखंड कापडाचं नसायचं. उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या वेचायच्या, धुवायच्या, झाडांच्या साली आणि मुळं उकळून रंगवायच्या आणि जोडायच्या. मगधातली शेतं, त्यांचे बांध, आडवे-उभे तुकडे पाहून बुद्धांनी आनंदाला तशी शिवण करता येईल का असं विचारलं, आणि चिवराचा नमुना ठरला. मेलेल्याच्या अंगावरून निघालेली चिंधी, झाडाची साल, शेताचा आकार आणि त्याच्या आत चालणारा जिवंत देह. आजचे चित्रकार कागद, कापड, माती, धातू एकत्र आणून जे मिश्र माध्यमातलं काम उभं करतात, त्याची पहिली ओळख मला या चिवरात होते.

अजिंठ्याच्या भिंतीही तशाच आहेत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवताचे तंतू, शेण, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग गेरू, काजळी, अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाची निळाई. सोळाव्या लेण्यात एक स्त्री आहे. मान कलली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, दासी तिला सावरते आहे. नवरा नंद भिक्खू झाला हे कळल्यावर कोसळलेली सुंदरी, अशी तिची ओळख सांगतात. अनित्य शिकवणाऱ्या भिंतीवर त्या चित्रकारानं संघात गेलेल्या पुरुषाच्या मागे राहिलेल्या बाईचं दुःख रंगवलं, आणि त्या दुःखाला कुठेही कमी लेखलं नाही. इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं राबून या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा कामाला लागला. त्याही नकलांतल्या कितीतरी लंडनमध्येच १८८५च्या आगीत गेल्या. टिकावं म्हणून जे केलं ते आधी गेलं, आणि पोपडे धरलेली मूळ भिंत अजून उभी आहे. त्या विद्यार्थ्यांनी लेण्यांच्या अंधारात काढलेल्या हंगामांबद्दल मला फार वाईट वाटतं.

भिवंडी तालुक्यातच लोणाडच्या डोंगरात एक लेणं आहे, पाचव्या-सहाव्या शतकातलं. अजिंठ्याला जाणारी गर्दी तिकडे फिरकत नाही. काम अर्धवट राहिलेलं, ओसरीत बसलेला राजपुरुष आणि त्याच्या भोवती सेवकपरिवार कोरलेला. दीड हजार पावसाळ्यांत चेहऱ्यांची रेषा बोथट झाली आहे, तरी खांदा कसा सैल सोडला आहे, कमरेतून देह कसा कलला आहे, ते अजून वाचता येतं. ज्या हातांनी हे कोरलं ते कोण होते, काम मधेच का सोडून गेले, पैसा संपला की आश्रयदाता गेला, हे त्या दगडावर लिहिलेलं नाही. आज तशाच अनाम हातांच्या जोरावर भिवंडीच्या परिसरात देशभरच्या मालाची गोदामं पसरली आहेत. आपण घरी बसून मागवलेला डबा या गोदामांतून निघतो, आणि तो उचलणारा पोरगा कधी कधी एखाद्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा असतो.

याच मुलखात, नालासोपाऱ्याला, १८८२ साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेतला स्तूप खणला. आत दगडाची मोठी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. भोवती सोन्याची फुलं आणि बुद्धांच्या छोट्या ब्राँझ मूर्ती. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या त्या इवल्याशा करंडकात, मातीच्या भांड्याचे काही तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. एशियाटिक सोसायटीकडे हा ठेवा आहे. मी या रचनेचा विचार करतो तेव्हा त्या अनाम कारागिरांपुढे मान आपोआप झुकते. एकाहून एक मौल्यवान पदार्थ आणि गाभ्यात खापरी. देह तर तिथे नाहीच, देहाला जगवणारं अन्न ज्यात पडायचं त्या फुटक्या पात्राची आठवण आहे. अनित्य म्हणजे काय हे सांगताना त्यांना शब्द लागला नाही, आणि सोनंही त्यांनी त्या खापरीच्या सेवेला लावलं.

पण इथे मला थांबावंसं वाटतं, कारण अनित्याचा एक उपयोग मी वारंवार ऐकला आहे आणि तो मला सहन होत नाही. कामगार गेला की जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणतं, सगळंच नाशवंत आहे, काय करायचं. त्याच्या बायकोनं ते ऐकून घ्यायचं. देह जायचाच होता हे खरं. पण तो पन्नाशीच्या आत का गेला, श्वास लागत असताना पाळी का चुकवता आली नाही, कान गेल्यावर कुणी विचारलं का, ही उत्तरं निसर्गनियमात नाहीत. मीटरच्या दरात आहेत, बंद खिडक्यांत आहेत, हजेरीपटावर कधीच न लागलेल्या नावात आहेत.

बाबासाहेबांनी हा भेद फार स्वच्छ पाहिला होता. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही परंपरेनं जपलेली कथा त्यांनी मान्य केली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारपण आणि मरण पाहिलंच नव्हतं यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ बाहेर पडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेल्या वादामुळे. दुःख देहात आहेच, पण माणसानं माणसाला दिलेलं दुःख वेगळं आहे आणि त्याचा निकाल माणसानंच लावायचा आहे, ही त्यामागची तळमळ. आणि त्याच ग्रंथात अनित्याचा अर्थ ते असा लावतात की सगळं सतत बदलतं म्हणूनच काहीही घडणं शक्य होतं. जे बदलत नाही त्यात वाढ नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या मनातलं अनित्य जागेवरून हललं. तोवर ते माझ्यासाठी चितेच्या बाजूला उभं होतं. बाबासाहेबांनी त्याला जात मोडण्याच्या बाजूला आणून उभं केलं.

कापडाशी त्यांचं हे भांडण जुनंच होतं. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तिथे पगार बरा, पण तुटलेला धागा जोडताना तो तोंडात धरून ओला करावा लागे. त्यांची थुंकी लागलेला धागा बाकीच्यांना चालत नसे. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. बत्तीस भागांच्या त्या यादीतली लाळ. सगळ्यांच्या तोंडात सारखीच सुटणारी, क्षणात वाळून जाणारी. तिच्यावरून इथल्या माणसांनी हजारो जणांची भाकरी अडवली, पिढ्यान् पिढ्या. देहातल्या सर्वांत क्षणभंगुर गोष्टीवर सर्वांत टिकाऊ अन्याय उभा राहिला. आणि तो धागा विणून झालेलं कापड मात्र सगळ्यांनी अंगावर घेतलं.

म्हणून आज या भूमीतले काही कलावंत जेव्हा देह आणि टाकाऊ पदार्थ एकत्र आणतात, तेव्हा मला त्यात फॅशन दिसत नाही. गोव्यात जन्मलेल्या मयुरी चारी यांनी शेणातून स्त्रीदेह घडवले. २०२२च्या बर्लिन बिएनाले या कलाप्रदर्शनात ते मांडले गेले. जे शेण अजिंठ्याच्या गिलाव्यात आहे, जे थापून बायकांचे हात खरबरीत झाले, त्याच शेणाचा तो देह, वाळणारा, तडकणारा, कुणाला रिझवायला न जन्मलेला. त्याच बिएनालेत प्रभाकर कांबळे यांची मडक्यांची ‘उतरंड’ होती. वरच्या मडक्याचा भार खालच्यावर, त्याचा त्याच्या खालच्यावर. मुंबईचे अमोल पाटील हात, पाय, त्वचा यांतून गिरणगावातल्या चाळींत राहिलेल्या कष्टकऱ्यांचे देह जिवंत करतात. यांच्यापैकी प्रत्येकजण स्वतःला बौद्ध विचाराशी जोडेल की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. विरणाऱ्या पदार्थाकडे न घाबरता पाहण्याची आणि त्यावर पडलेला भार कुणी टाकला हे विचारण्याची ती नजर मला ओळखीची आहे.

भिवंडीत असं काम अजून व्हायचं आहे. त्यासाठी लागणारं सामान मात्र इथे गल्लोगल्ली पडलेलं आहे. रिकाम्या कांड्या, तेलानं काळ्या झालेल्या चिंध्या, पत्र्याखालून झटकून काढलेली कापसाची लव, तुटलेले धोटे, बिशीच्या भिंतीवर खिळ्याला राहून गेलेला शर्ट. २०२०च्या उन्हाळ्यात काम बंद झालं आणि हीच माणसं मुंबई-नाशिक महामार्गावरून चालत निघाली, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. त्याच रस्त्यावर पुढे इगतपुरी आहे, जिथल्या विपश्यना केंद्रात लोक दहा दिवस मौन पाळून आपल्याच देहावर उठणाऱ्या आणि विरणाऱ्या संवेदना पाहायला बसतात. चालणाऱ्यांच्या तळपायांना तेव्हा काय जाणवत होतं, तेही कुणीतरी तितक्याच एकाग्रतेनं पाहायला हवं होतं. रस्त्यावर राहिलेल्या झिजक्या चपला कुणी जपून ठेवल्या असत्या, तर सोन्याच्या करंडकात ठेवण्याजोग्या होत्या त्या.

आणखी पुढे नाशिकची लेणी. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यानं नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी कायमची ठेवली, एकीकडे दोन हजार, दुसरीकडे एक हजार. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. विणकरांवर एवढा विश्वास! राजाचा जावई आपलं दान मागवाल्यांच्या हवाली करतो, आणि पिढ्यान् पिढ्या ते फेडतील अशी त्याला खात्री असते. उषवदाताचं नाव दगडावर राहिलं. कान्हेरीला कल्याणच्या सोनाराचं आणि व्यापाऱ्यांचं नाव राहिलं, तिथल्या विटांच्या स्तूपांपाशी निर्वाण पावलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं राहिली. गोवर्धनच्या विणकरांपैकी एकाचंही नाव त्या लेखात नाही.

म्हणून भिवंडीत कधी असं काम उभं राहिलं, तर ते एखाद्या बंद कारखान्यातच राहावं असं मला फार वाटतं. काचेच्या पेटीत नको, पावसाच्या झडीत आणि पत्र्याच्या उन्हात, विरायचं तेव्हा विरू दे. कापड फाटलं तर त्याच गल्लीतल्या बायकांनी त्याची वाकळ शिवावी, वाकळ फाटली तर पायपुसणं करावं. एवढीच अट असावी की ज्याच्या हातची कांडी, ज्याच्या अंगावरचा शर्ट, त्याचं नाव, गाव आणि त्यानं किती वर्षं माग चालवला ते तिथे ठळक लिहिलेलं असावं: मऊ, आझमगढ, करीमनगर, रत्नागिरी, सगळ्यांचं. उर्दूत लिहावं, तेलुगूत लिहावं, मराठीत लिहावं. आणि ही नावं विचारत फिरायचं काम यंदाच सुरू व्हायला हवं, कारण पद्मानगरातले, निजामपुऱ्यातले जुने मागवाले अजून आहेत, आणि त्यांच्याशी जरा मोठ्यानं बोललं की त्यांना ऐकू येतं.